विमानात पायलट एकटाच नसतो हो!

आज जरा चिडून लिहितो आहे. नातेवाईक मंडळींनी समजून घ्यावे, आणि ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी हा लेख दोन बैठकांत वाचावा.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात (बाहेरगावच्या भाच्या-पुतण्यांसाठी : आपले उस्मानाबाद, २०२३ पासून कागदोपत्रीसुद्धा धाराशिव) बारावीच्या कोणत्याही पोराला विचारा, "बाबा रे, हवाई दलात काय काय काम असतं?" तो म्हणतो, "पायलट." अजून? मग डोके खाजवतो. फार तर म्हणतो, "बंदूक घेऊन गेटवर उभं राहतेत ते." झाले! कॉकपिट आणि गेट. या दोहोंच्या मधली सगळी जागा कोरी. आणि कॉकपिट आपल्यासाठी नाही हे त्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवलेले असते. त्यामुळे तो हवाई दलाचा फॉर्मच भरत नाही, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळायला लागतो.

मला या कोऱ्या जागेबद्दल बोलायचे आहे.

लष्करी विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये जे कामासाठी उडतात ते सगळे अधिकारी नसतात. फ्लाइट इंजिनिअर असतो, फ्लाइट गनर असतो, मोठ्या मालवाहू विमानात लोडमास्टर असतो. हे लोक एअरमन म्हणून, म्हणजे साध्या सैनिकाच्या दर्जाने भरती झालेले असतात आणि कॉर्पोरल, सार्जंट, ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर, मास्टर वॉरंट ऑफिसर अशा पायऱ्या चढत जातात. बहुतेक जण शेतकऱ्याच्या, गिरणी कामगाराच्या, पोस्टमनच्या घरातले. मराठीत 'वैमानिक' असा देखणा शब्द आहे, पण या माणसाला शब्दच नाही. बातमीत त्याला 'कर्मचारी' म्हणतात. 'दोन वैमानिक व अन्य कर्मचारी.' वाटते की तहसील कचेरीतून कोणी फाईल घेऊन चढले असावे!

सप्टेंबर २०२५ च्या पुरात आपल्या परंडा तालुक्यात पाण्याने वेढलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढले, ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले. आमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळात दोन दिवस एकच चर्चा. "पायलटने कमाल केली हो!" पायलटने केलीच, त्यात वादच नाही. पण हेलिकॉप्टर हवेत एका जागी थोपवून धरायचे तर पायलटचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असतात, आणि पोटाखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. अशा कामात दार उघडून, कमरेला पट्टा बांधून बाहेर झुकतो कोण? खालची तार, झाड, पत्र्याचे छप्पर बघून "अजून दोन मीटर डावीकडे" सांगतो कोण? दोर सोडतो कोण, वर आलेल्या घाबरलेल्या म्हातारीला बखोटीला धरून आत ओढतो कोण? मंडळात मी हे विचारले, तर एक निवृत्त साहेब म्हणाले, "असेल कोणीतरी हेल्पर." हेल्पर!

माझा एक विद्यार्थी हे काम करून निवृत्त झाला आहे. नाव लिहू नका म्हणाला, म्हणून लिहीत नाही. कळंब तालुक्यातला. ऐंशीच्या दशकात बारावी करून भरती झाला, काही वर्षे जमिनीवर इंजिनांच्या कामात घालवली, मग स्वेच्छेने उड्डाणाच्या बाजूला गेला. आधी एमआय-८, नंतर एमआय-१७ हेलिकॉप्टर. वॉरंट ऑफिसर होऊन घरी आला. गावात पहिला प्रश्न झाला, "पायलट का?" तो म्हणाला, "नाही, फ्लाइट इंजिनिअर." त्यावर पारावरचे एक काका म्हणाले, "इंजिनेर? मंग परदेशात का न्हाई गेलास?" अजूनही तो हा किस्सा हसत हसत सांगतो, पण मला त्यात हसण्यासारखे फारसे काही सापडत नाही.

त्याच्याकडून मी या कामाची इत्थंभूत माहिती काढून घेतली. मास्तरची खोड, दुसरे काय! एमआय-१७ मध्ये पुढे दोन वैमानिक बसतात आणि त्यांच्या मधोमध, किंचित मागे, कॉकपिटच्या दारातच एका छोट्या आसनावर फ्लाइट इंजिनिअर बसतो. तिथून दोघांच्या खांद्यावरून सगळी घड्याळे त्याला दिसतात. इंजिनाचे तापमान, तेलाचा दाब, इंधन. पण त्याचे काम उड्डाणाच्या कितीतरी आधी सुरू होते. अंधारात बॅटरी घेऊन तो मशीनभोवती फिरतो, कुठे तेल झिरपतेय का, कुठे पाते चरले आहे का, कुठले झाकण उघडे राहिले आहे का हे हाताने चाचपून बघतो. "सर, डोळ्यापेक्षा हाताला लवकर कळतं," असे तो म्हणाला.

आणि मग हिशोब. या हेलिकॉप्टरच्या आजच्या पिढीचे, एमआय-१७ व्ही-५ चे, कमाल उड्डाण-वजन १३,००० किलो आहे. पण हा झाला कागदावरचा आकडा. डोंगरात जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते, इंजिनाची ताकद घटते आणि पंख्याला पकडायला हवाच कमी मिळते. मग किती माणसे घ्यायची, किती इंधन भरायचे, कुठली पेटी खाली ठेवायची, याचा हिशोब दर खेपेला नव्याने. इंधन जास्त घेतले तर माणसे कमी बसणार, माणसे जास्त घेतली तर परतीचे इंधन कमी. खाली जवान औषधाची वाट पाहत असतो आणि वर चार माणसे किलोकिलोचा हिशोब करत असतात. मी विज्ञानाचा मास्तर नव्हे, मराठी आणि इतिहास शिकवत आयुष्य गेले, तरी मला हे समजले. मग अकरावी-बारावीच्या पोराला का समजू नये?

लोडमास्टरचे तर आणखी गमतीचे. विमानात माल ठेवायचा म्हणजे ट्रकमध्ये पोती रचण्यासारखे नाही. वजनाचा मध्य ठराविक पट्ट्यातच पडला पाहिजे, नाहीतर विमानाचे नाक तरी वर जाते नाहीतर शेपूट. हे म्हणजे शाळेत शिकवतात ती तरफ! बल गुणिले अंतर. पोरे विचारायची, "सर, याचा उपयोग काय?" हा घ्या उपयोग. आपल्या हवाई दलाच्या सी-१७ या अजस्र विमानात सत्तर टनांच्या आसपास माल मावतो आणि तो नीट बसवून साखळदंडांनी जखडण्याची जबाबदारी लोडमास्टरची. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यावर २२ तारखेला अशाच एका विमानाने १६८ माणसे तिथून हिंडनच्या तळावर आणली, त्यांत बायका-मुले होती. एवढी भेदरलेली माणसे मागच्या पोटात बसवायची, कोणी उठून एकदम एका बाजूला जाऊ नये हे बघायचे, तान्ह्या पोरांच्या आयांना धीर द्यायचा, ही कामे कॉकपिटमधून होत नाहीत.

आता चिडण्याचे पहिले कारण.

२७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटनंतरचा दिवस. श्रीनगरजवळ बडगामला आपले एमआय-१७ व्ही-५ आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. (ती मोठी चूक होती हे हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर कबूल केले.) हेलिकॉप्टरमधले सहाही जण गेले. त्यांतले स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे आपल्या नाशिकचे. नाशिकने त्यांना डोळे भरून निरोप दिला आणि ते योग्यच झाले. त्यांचे नाव महाराष्ट्राला पाठ आहे, असायलाच हवे. दुसरे वैमानिक स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ, त्यांचेही नाव पुष्कळांना आठवेल. उरलेल्या चौघांची नावे सांगा बघू? मी आमच्या मंडळात विचारले, एका लग्नात विचारले, एका शाळेच्या स्नेहसंमेलनात तर माईकवरून विचारले. एकालाही सांगता आले नाही. तर लिहून ठेवा : विशालकुमार पांडे, विक्रांत सेहरावत, दीपक पांडे, पंकज कुमार. सार्जंट, कॉर्पोरल अशा दर्जाची माणसे. क्षेपणास्त्राने अधिकारी आणि एअरमन असा भेद केला नव्हता.

८ डिसेंबर २०२१, कुन्नूर. जनरल बिपिन रावत यांचे हेलिकॉप्टर. त्या दिवशी कोण कोण होते याची यादी टीव्हीवर दिवसभर फिरत होती. त्यात दोन ज्युनिअर वॉरंट ऑफिसर होते : ओडिशाचे राणा प्रताप दास आणि केरळचे प्रदीप. हेलिकॉप्टरच्या चार जणांच्या चमूतले हे दोघे. प्रदीप २०१८ च्या केरळच्या महापुरात लोकांना वाचवण्याच्या मोहिमेत होते. स्वतःच्याच राज्यातल्या, स्वतःचीच भाषा बोलणाऱ्या माणसांना वर ओढून घेताना त्यांना काय वाटले असेल हे कुठल्याही चॅनेलने सांगितले नाही, निदान मराठी चॅनेलवर तरी मी पाहिले नाही.

त्याआधी २५ जून २०१३, उत्तराखंडचा प्रलय, गौरीकुंडजवळ बचावकार्यातले हेलिकॉप्टर कोसळले आणि वीस जण गेले. हवाई दलाचे पाच. त्यांत ज्युनिअर वॉरंट ऑफिसर ए. के. सिंग आणि सार्जंट सुधाकर यादव. ३ जून २०१९, अरुणाचलात एएन-३२ विमान पडले, तेरा जण. सहा अधिकारी आणि सात जण त्यांच्या खालच्या दर्जाचे, त्यांतले दोघे तर हवाई दलाच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचे. असे किती सांगू?

कोणी म्हणेल, "सर, मेल्यावर नावे लक्षात ठेवून काय होणार?" होते! नाव नसले की शब्द नसतो, शब्द नसला की पोराच्या डोक्यात ते काम येत नाही, आणि काम डोक्यात आले नाही की त्याची तयारी कोणी करत नाही. मराठवाड्याला अभिमान आहे की २०२१ ते २०२४ हवाई दलप्रमुख असलेले व्ही. आर. चौधरी मूळचे नांदेड जिल्ह्यातले. मलाही आहे. पण एका दलाला प्रमुख एकच लागतो, आणि एअरमन लागतात लाखाहून अधिक. मग आमच्या भाषणांत पहिल्याचाच उल्लेख का?

इतिहासाचा मास्तर असल्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हवाई दलाची कायदेशीर स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिली तुकडी उभी राहिली १ एप्रिल १९३३ ला, कराचीच्या ड्रिग रोड तळावर. वापिटी नावाची चार दुपंखी विमाने, सहा अधिकारी आणि १९ 'हवाई सिपाई'. सहाला एकोणीस! वापिटीत दोन उघडी आसने, पुढे वैमानिक आणि मागे मशीनगन धरून गनर. या हवाई सिपायांतलेच लोक त्या मागच्या आसनावर बसून वायव्य सरहद्दीच्या डोंगरांवरून उडत. म्हणजे आपल्या हवाई दलात साधा सैनिक पहिल्या दिवसापासून आकाशात आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांना तो अजून दिसायचा आहे.

आता चिडण्याचे दुसरे कारण, आणि ते जास्त जवळचे.

मुलांना अधिकारी करायचे असेल तर महाराष्ट्र सरकारने त्याची सोय केलेली आहे. तेव्हाच्या औरंगाबादेत १९७७ साली सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था काढली, एनडीएच्या परीक्षेसाठी. साताऱ्याचे सैनिक स्कूल १९६१ चे, देशातले पहिले. आपल्या तुळजापुरात देवस्थानचे सैनिकी विद्यालय आहे. मुलींसाठीही २०२३ मध्ये नाशिकला तशीच पूर्वतयारी संस्था निघाली. सगळे उत्तम. पण जे पोरगे एनडीएत जाणार नाही आणि एअरमन होऊ शकते, त्याच्यासाठी काय? त्याच्यासाठी अकॅडमी!

या अकॅडमी म्हणजे काय प्रकार आहे हे गावाकडच्यांना सांगायला नको. पत्र्याचे शेड, एक मोकळे रान, चौकात फ्लेक्स, फ्लेक्सवर लढाऊ विमानाचे चित्र. (ते विमानही बहुतेक वेळा अमेरिकेचे असते.) आत शिकवतात काय? पळायला. पोलीस भरतीला पुरुषांना १६०० मीटर पळावे लागते, हवाई दलालाही १.६ किलोमीटर. मग काय, एकच मैदान, एकच शिट्टी, दोन्हीकडची फी! आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीतून अशा एका अकॅडमीची वर्षाची फी भरली. पोरगा पळण्यात पहिला. पण हवाई दलात पळणे नंतर असते आणि सात मिनिटांत संपवले की झाले, पहिल्या-दुसऱ्याला त्यात काही बक्षीस नाही. आधी असते संगणकावरची परीक्षा. विज्ञान शाखेला इंग्रजी, भौतिकशास्त्र, गणित, तेही सीबीएसईच्या बारावीच्या अभ्यासक्रमाचे. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. प्रश्न इंग्रजीत आणि हिंदीत, मराठीत नाही. इंग्रजीचा पेपर अर्थातच इंग्रजीत. पोरगा तिथे आडवा झाला. वर्षभरात अकॅडमीत इंग्रजीचा एक तास झाला नव्हता. वडील माझ्याकडे येऊन म्हणाले, "सर, पळतंय तर हरणावानी. मग का घेतलं नसंल?" त्यांना मी काय सांगायचे? त्यांना हे आधी सांगणारे कोणीच नव्हते. ना शाळेत, ना बँकेत, ना ग्रामपंचायतीत.

आणखी एक. एअरमनचे सुरुवातीचे प्रशिक्षण होते कुठे? बेळगावजवळ सांबऱ्याला! सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्या माझ्या पिढीतल्या किती जणांना हे ठाऊक आहे? देशभरातली पोरे येऊन तिथे कवायत शिकतात, २०२३ च्या डिसेंबरात तर अग्निवीर मुलींचीही पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. उमरग्याच्या पोराला सांबरा हे नाव नकाशात दाखवता येत नाही, आणि तिथे कॅन्टीनमध्ये आजूबाजूला मराठी ऐकू येते हे कळले तर त्याची निम्मी भीती जाईल.

माझे म्हणणे साधे आहे. संभाजीनगरला अधिकाऱ्यांसाठी आहे तशी एअरमनसाठी एक सरकारी पूर्वतयारी संस्था मराठवाड्यात हवी आणि ती आमच्या जिल्ह्यात काढा. आकांक्षित जिल्हा म्हणून नीती आयोगाच्या यादीत आम्हाला बसवलेच आहे, तर एखादी आकांक्षा पुरीही करा. इमारत नको, संगमरवर नको, पुतळा तर नकोच. एक इंग्रजीचा शिक्षक, एक भौतिकशास्त्राचा, एक गणिताचा, आणि महिन्यातून एकदा येणारा निवृत्त फ्लाइट इंजिनिअर किंवा लोडमास्टर. असे निवृत्त लोक महाराष्ट्रात आहेत, पण त्यांना बोलावतो कोण? पंधरा ऑगस्टला आपण झेंडा कोणाच्या हस्ते फडकवतो ते आठवा.

आता तिसरे कारण. इथे पुण्याचा माझा पुतण्या माझ्यावर चिडणार आहे (वाचतोयस ना रे?), पण चिडू दे.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. वैद्यकीय सहाय्यकासारखा अपवाद सोडला तर हवाई दलात साधा सैनिक म्हणून शिरायचे ते आता अग्निवीर म्हणूनच. मुदत चार वर्षे. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००, त्यातले तीस टक्के सेवानिधीत जमा, सरकार तेवढेच घालणार, आणि शेवटी व्याजासह सुमारे ११.७१ लाख हातात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के पोरांना पुढे कायम सेवेत घेणार, असे घोषणेत म्हटले होते. बाकीचे घरी. हवाई दलाची पहिली तुकडी डिसेंबर २०२२ मध्ये दाखल झाली, म्हणजे तिची चार वर्षे डिसेंबर २०२६ मध्ये भरतात.

पुतण्या म्हणतो, "काका, बाविसाव्या वर्षी अकरा लाख हातात आणि शिस्त अंगात. वाईट काय? शिवाय केंद्रीय पोलीस दलांत जागा राखीव ठेवल्यात." बरे. पैशाचे मी बोलतच नाही. (बोलायचे तर त्या अकरा लाखांत निम्म्याच्या आसपास पैसे त्याच्याच पगारातले आहेत, पण असो.) माझा प्रश्न वेगळा आहे. फ्लाइट इंजिनिअर चार वर्षांत कसा तयार होणार?

पूर्वी एअरमन भरती व्हायचा तो वीस वर्षांच्या बोलीवर. आधी सांबऱ्याला कवायत, मग धंद्याचे शिक्षण, मग कुठल्यातरी तळावर इंजिनांत हात काळे करणे. तिथे काही वर्षे काढल्यावर ज्याची तब्येत, डोळे, कान आणि मुख्य म्हणजे डोके ठीक आहे, त्याने स्वेच्छेने उड्डाणासाठी अर्ज करायचा. मग पुन्हा परीक्षा, पुन्हा वैद्यकीय, पुन्हा शिक्षण. आणि त्यानंतर कुठे तो त्या छोट्या आसनावर बसायचा. अमेरिकेच्या हवाई दलात साध्या सैनिक दर्जाच्या उडणाऱ्या लोकांची वेगळीच शाखा आहे, तिथे बारावीचे पोरगे सरळ लोडमास्टर व्हायला भरती होऊ शकते. आपली रीत वेगळी, आधी जमीन मग आकाश. मला ती वाईट वाटत नाही. ज्याने इंजिन खोलून जोडले आहे तोच त्याचा आवाज ओळखणार. पण या रीतीला वेळ लागतो हो! माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, पहिली चार वर्षं तर मशीनच मला ओळखत नव्हतं." नेमकी तेवढ्याच वर्षांत आजच्या पोराला निरोपाचा नारळ मिळायची वेळ येते.

जे पंचवीस टक्के राहतील त्यांना पुढे पंधरा वर्षे आहेत, ते तिथवर पोहोचतील. मान्य. पण जे चौघांतले तीन बाहेर पडतील, त्यांतल्या एखाद्याच्या हाताला ती नजर असेल तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, चार वर्षांनी घरी जायचेच आहे असे मनात धरून बसलेले पोर ते इंजिन मनापासून शिकेल का? मी चाळीस वर्षे वर्गात काढली. ज्याला वाटते की आपण या शाळेत वर्षभरच आहोत, तो पोरगा वहीला कव्हर घालत नाही.

सरकारला सैन्य तरुण ठेवायचे आहे, पेन्शनचा बोजा कमी करायचा आहे, हे मला कळते. पायदळातल्या पळापळीला विशीतले पाय हवेत हेही खरे असेल. पण तेरा टनांचे यंत्र दोन दगडांच्या मध्ये उतरवताना मागची शेपूट मोकळी आहे की नाही हे सांगणाऱ्या माणसाचे वय चाळीस असले तर ते मला हवेच आहे. त्या दारात केस पांढरे झालेला माणूस उभा असावा. एस.टी.चा घाट उतरताना आपण ड्रायव्हरचे केस बघतोच की नाही?

जाता जाता भत्त्याचे. सातव्या वेतन आयोगाने उड्डाणाच्या जोखमीचा भत्ता ठरवला तेव्हा मूळ दर असे होते : अधिकाऱ्याला महिना २५,००० रुपये आणि खालच्या दर्जाच्या माणसाला १७,३००. पगारात फरक असावा, जबाबदारी वेगळी, शिक्षण वेगळे. पण हा भत्ता जोखमीचा! हेलिकॉप्टर पडले तर जमीन दोघांनाही सारखीच लागते. पुतण्या म्हणेल, "काका, जगभर असंच असतं." असेल. जगभर असते म्हणून आमच्या शाळेत कधी कॉपी चालू दिली नव्हती.

पुतण्याचे आणखी एक म्हणणे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. तो म्हणतो, "तुम्ही एकीकडे म्हणता हे काम जिवावरचं, नावं कोणाला माहीत नाहीत, भत्ता कमी, आता नोकरीही चार वर्षांची. आणि दुसरीकडे गावाकडच्या पोरांना तिकडेच ढकलता." ढकलत नाही रे. तो गल्लीतला पोरगा आज कुठे आहे माहीत आहे? पुण्याच्या बाजूला एका गोदामात रात्रपाळीला खोकी उचलतो. वजन तोही उचलतो, हिशोब दुसरेच कोणी करते. त्याला सगळे माहीत असून त्याने गोदाम निवडले असते तर माझी काही तक्रार नव्हती.

ज्यांची मुले अकरावी-बारावीत आहेत त्यांच्यासाठी कामाचे तेवढे लिहितो, बाकीच्यांनी सोडून दिले तरी चालेल. वय साडेसतरा ते एकवीस. बारावीला एकूण ५० टक्के लागतात आणि इंग्रजीत वेगळे ५० टक्के, हे इंग्रजीचे लोक विसरतात आणि फॉर्म तिथेच बाद होतो. गणित-भौतिकशास्त्र नसले तरी दुसऱ्या गटातून अर्ज करता येतो, तीन वर्षांचा डिप्लोमा असला तरी चालतो. मुलीही करू शकतात. आपल्या भागाला जवळचे निवड केंद्र मुंबईत कॉटन ग्रीनला आहे. अर्ज ऑनलाइन असतात आणि ते हवाई दलाच्या स्वतःच्या साइटवरच भरायचे, एजंटला एक रुपया द्यायचा नाही. इंग्रजीची अडचण असेल तर संध्याकाळी पाच ते सहा मी घरीच असतो. मी इंग्रजीचा मास्तर नव्हतो, पण व्याकरण पक्के आहे, आणि फी नाही. येताना वही आणा, तिला कव्हर घालून.